पळा, लढू नका

प्रश्न : भावाने ‘मिरर्स एज’ हा जुना गेम लावून दिला. दहा मिनिटांत डोकं गरगरलं. याचं एवढं कौतुक कशाला? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : गरगरतं खरं. पहिल्यांदा खेळलो तेव्हा मलाही लिंबूपाणी घ्यावं लागलं होतं. पडद्याच्या मधोमध बारीक ठिपका आहे ना, तो त्यासाठीच; नजर त्यावर ठेवा. पण कौतुक उगाच नाही. स्वीडनच्या डाइस कंपनीने २००८ साली केलेल्या या खेळात नायिका फेथ छपरांवरून धावते, आणि तिचे हातपाय आपलेच असल्यासारखे समोर दिसतात. उंचावरून उडी मारलीत की पाय टेकता टेकता कोलांटी घ्यायची. चुकलात की वेग मोडलाच. पांढऱ्याशुभ्र शहरात तांबडा पाइप, तांबडी फळी दिसली की वाट तीच. (आमच्या फोंड्यातल्या कौलांवर असं कोणी धावलं तर आई आधी फुटलेली कौलं मोजील.) मारामाऱ्या मात्र रटाळ. जड बंदूक हातात आली की फेथचं धावणंच खुंटतं. टाकून द्या ती. गोष्टही बेताचीच. ती उरकली की टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाशी शर्यत, लावा, पण जेवून लगेच नको.