पहिली कोड्याची पेटी करताना

पहिल्याच पेटीसाठी आपण दहा चालींचे कोडे, म्हणजे भाग ठरावीक क्रमाने दहा वेळा सरकवल्यावरच पेटी उघडेल अशी रचना, योजले आहे, हा उत्साह मला मनापासून आवडला. तरीही सुरुवात दोन चालींपासूनच करावी, असे मी आग्रहाने सांगेन. एक बाजू सरकली की झाकण मोकळे व्हावे, एवढीच रचना ठेवा. जपानमधील हाकोने येथील प्रसिद्ध गुप्तपेट्यांचे तत्त्वही हेच आहे. तेथे फक्त चाली वाढत जातात.

सर्वाधिक लक्ष लाकडाकडे द्या. वखारीतून आणलेली ओलसर फळी लगेच कापायला घेणे, ही नवशिक्यांची नेहमीची चूक. लाकूड शिरांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आक्रसते, लांबीत मात्र जवळजवळ मुळीच नाही. त्यामुळे कोल्हापुरात मे महिन्यात घट्ट बसवलेली सरकपट्टी जुलैच्या पावसात जागची हलत नाही. जुने, मुरलेले सागवान घ्या, ते काही आठवडे घरातच ठेवा आणि पट्टीच्या रुंदीत साधारण अर्धा मिलिमीटर मोकळीक सोडा. भर पावसाळ्यात काम करत असाल, तर त्याहून कमीही चालेल.

दुसरी चूक फेविकॉलची. जोडातून बाहेर आलेला थेंब खाचेत वाळला, की पट्टी कायमची अडकते. म्हणून सर्व भाग आधी कोरडेच जुळवून पाहा, आणि चिकटवण्यापूर्वी फक्त सरकणाऱ्या पृष्ठभागांवर मेण चोळा.

गुण्या, बारीक दातांची करवत आणि धारदार पटाशी एवढी हत्यारे पुरेशी आहेत. चुंबक व छुपे खटके तूर्त बाजूला ठेवा. पट्टी सुरळीत सरकू लागली, की खाचेची मापे कळवा, मग तिसऱ्या चालीचे पाहू.