संघटनेचा हुकूम मंडळीवर चालतो का? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथात मंडळ्यांवर, म्हणजे स्थानिक चर्चवर, अधिकार चालवणारा बिशप नसतो. मग असोसिएशन, कन्व्हेन्शन, युनियन या मंडळ्यांनी मिळून केलेल्या संघटनांचा मंडळीवर कितपत अधिकार असतो?

उत्तर : हुकूम म्हणाल तर अजिबात चालत नाही. पाळक कोणाला नेमायचे, सभासद कोणाला करून घ्यायचे, पैसा कशावर खर्चायचा, हे मंडळीची सभासद-सभा ठरवते. वार्षिक सभेतला ठराव मंडळीकडे सल्ला म्हणूनच येतो. पण एकटे राहणे हाही बॅप्टिस्टांचा स्वभाव नाही. लंडनमधल्या सात मंडळ्यांनी १६४४ मध्येच विश्वासाचा सामाईक जाहीरनामा काढला होता. अमेरिकेत १७०७ मध्ये पाच मंडळ्यांनी फिलाडेल्फिया असोसिएशन उभारली आणि तिने १७४९ मध्ये स्वतःची मर्यादा लेखी घालून घेतली: असोसिएशन ही मंडळ्यांवरची वरिष्ठ न्यायसभा नव्हे, मात्र शिकवणीत किंवा आचरणात वाट सोडलेल्या मंडळीशी संबंध तोडायचा हक्क तिला आहे. आजचे बहुतेक वाद याच हक्कावरून होतात. २०२३ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने (अमेरिकेतली सर्वांत मोठी बॅप्टिस्ट संघटना) महिला पाळक नेमल्याच्या मुद्द्यावर कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक मंडळीला बाहेर ठेवले, अपीलही फेटाळले. मंडळी मात्र चालू राहिली, पाळकही बदलावे लागले नाहीत. तुटला तो फक्त संबंध.

प्रश्न : आमच्या मंडळीला असोसिएशनमध्ये जायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सभासद-सभेपासून. इथेच सर्वाधिक गफलत होते. पाळक आणि डीकन (मंडळीने निवडलेले सेवक) आपसात ठरवून अर्ज धाडतात, पुढे एखादा गट नाराज झाला की ‘आम्हाला विचारले कुठे?’ असा वाद उभा राहतो. नियमावलीत सांगितलेल्या मुदतीची नोटीस द्या, गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी) मोजा, बाजूने आणि विरुद्ध पडलेली मते इतिवृत्तात आकड्यांत लिहा. गणसंख्येचा उल्लेख राहून गेला तर ठरावालाच नंतर आव्हान मिळू शकते.

अर्जासोबत सहसा विश्वासाचा जाहीरनामा, नियमावली, सभासदसंख्या, पाळकांची माहिती आणि अलीकडचे हिशेब मागतात. मग एक समिती भेटीला येते. बाप्तिस्मा कसा देता, दुसऱ्या पंथातून आलेल्याला सभासद करून घेताना काय करता, हे ती हमखास विचारते. त्यावर तुमच्यातच दोन मते असतील तर आधी आपसात बोलून घ्या. काही असोसिएशन नव्या मंडळीला काही काळ देखरेखीखाली ठेवतात आणि मगच वार्षिक सभेत मतदान घेतात.

पुढे दरवर्षी अहवाल द्यावा लागतो: वर्षातले बाप्तिस्मे, सभासदत्वाच्या पत्राने (एका मंडळीने दुसरीला दिलेल्या) आलेले-गेलेले, मृत्यू, दानाची रक्कम, प्रतिनिधींची नावे. नोंदवही जुनी ठेवू नका. वर्गणी सभासदसंख्येवर ठरत असेल तर गाव सोडून गेलेल्यांचेही पैसे तुम्हीच भरत राहाल.

प्रश्न : असोसिएशनमध्ये गेलो की राष्ट्रीय संघटनेतही आपोआप जातो का?

उत्तर : ते देशावर अवलंबून आहे. सदर्न बॅप्टिस्टांत असोसिएशन, राज्य कन्व्हेन्शन आणि राष्ट्रीय कन्व्हेन्शन या तीन स्वतंत्र संस्था आहेत आणि मंडळी प्रत्येकीशी वेगळे नाते जोडते. नागालँडमध्ये उतरंड जास्त स्पष्ट आहे: मंडळ्या आपापल्या असोसिएशनमध्ये, असोसिएशन नागालँड बॅप्टिस्ट चर्च कौन्सिलमध्ये आणि ते गुवाहाटीला मुख्यालय असलेल्या ईशान्य भारताच्या बॅप्टिस्ट कौन्सिलमध्ये. १९०५ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या बॅप्टिस्ट वर्ल्ड अलायन्सच्या सभासद तर संघटनाच असतात, सुटी मंडळी नव्हे.

प्रश्न : पैसा वर कसा जातो? आणि जास्त देणाऱ्या मंडळीचे वजन जास्त नाही का होत?

उत्तर : होते, पण त्याला लगाम घालता येतो. सदर्न बॅप्टिस्टांचे उदाहरण घ्या. १९१९ मध्ये त्यांनी पाच वर्षांत साडेसात कोटी डॉलर जमवायची मोहीम काढली. वचने मिळाली नऊ कोटींच्या वर, हाती आले सहा कोटींहून कमी. संस्थांनी वचनांच्या भरवशावर खर्च केला होता, शेतमालाचे भाव पडले आणि कर्ज डोक्यावर बसले. (वचनाला जमा समजणारा खजिनदार आजही कमी सापडत नाही.) १९२५ मध्ये सहकारी निधी सुरू झाला. त्यात मंडळी आपल्या सर्वसाधारण दानाचा स्वतःच ठरवलेला हिस्सा राज्य कन्व्हेन्शनला पाठवते. राज्य काही ठेवून उरलेला राष्ट्रीय पातळीवर देते आणि तिथला निम्म्याहून थोडा जास्त भाग परदेशी मिशनला जातो.

राष्ट्रीय कन्व्हेन्शनच्या वार्षिक सभेत योगदान देणाऱ्या मंडळीला दोन प्रतिनिधी मिळतात, देणगीच्या प्रमाणात ते वाढतात, पण कितीही दिले तरी १२च्या पुढे नाही. प्रतिनिधी मंडळीचा आदेश घेऊनही जात नाहीत. चर्चा ऐकून स्वतःचे मत देतात. घटना बदलायला सलग दोन वार्षिक सभांत दोन तृतीयांश मते लागतात. २०२४ मध्ये महिला पाळक असलेल्या मंडळ्यांना बाहेर ठेवणारी दुरुस्ती सुमारे ६१ टक्के मते मिळूनही पडली.

प्रश्न : बाहेर पडलो तर इमारत कोणाची?

उत्तर : ज्याच्या नावावर दस्तऐवज आहे त्याची. मंडळी स्वायत्त म्हणून इमारत तिचीच, हे गृहीत धरू नका. ब्रिटनमध्ये बऱ्याच मंडळ्यांची मालमत्ता बॅप्टिस्ट युनियन कॉर्पोरेशनसारख्या विश्वस्त कंपनीच्या नावावर असते. इतरत्रही बांधकामासाठी कर्ज किंवा अनुदान घेताना ‘संबंध तुटल्यास मालमत्ता संघटनेकडे परत’ असे कलम घातलेले असू शकते. त्यामुळे आत जाण्याच्या किंवा बाहेर पडण्याच्या मतदानाआधी विश्वस्तपत्र, खरेदीखत आणि कर्जाचे करार वकिलाकडून वाचून घ्या, आणि तो अभिप्राय सभासद-सभेपुढे लेखी ठेवा.