लिम्फेडेमाच्या ऑपरेशनचा फायदा वर्षानुवर्षं टिकतो का?

स्तनाच्या कर्करोगानंतर हाताला आलेली सूज, म्हणजेच लिम्फेडेमा, ऑपरेशनने कायमची जाईल का, असं तुम्ही विचारलंय. टिकाऊ आराम मिळू शकतो, पण ‘पूर्ण बरं’ असं कुणी आधीच सांगितलं तर सावध राहा.

सूज अजून मऊ असेल, दाबल्यावर खड्डा पडत असेल, तर लसिकावाहिनी (शरीरातला लसिका नावाचा द्रव वाहून नेणारी बारीक नळी) शिरेला जोडण्याची शस्त्रक्रिया करतात. या वाहिन्या जेमतेम १ मिमीच्या, बऱ्याचदा त्याहूनही बारीक. लवकर गेलेलं बरं, कारण वाहिन्या कडक झाल्यावर फायदा घटतो. दुसरा पर्याय लसिकाग्रंथींच्या प्रत्यारोपणाचा, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागातल्या ग्रंथी काढून सुजलेल्या हाताकडे बसवण्याचा. त्याचा परिणाम दिसायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं, आणि ग्रंथी काढलेल्या जागी नवीन सूज येण्याचा थोडा धोका असतो.

जुनी, चरबी साठलेली सूज असेल तर लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी शोषून काढणं. स्वीडनमधल्या माल्मो इथे अशा रुग्णांचा अनेक वर्षं पाठपुरावा झालाय आणि हाताचा घेर कमी राहिलेला दिसतो. अट एकच: हातावर दाब देणारी घट्ट बाही आयुष्यभर, रोज घालायची. ती सोडली की सूज परत येते.

माझ्या मते घेरापेक्षाही मोठा लाभ म्हणजे सेल्युलायटिसचे, म्हणजे त्वचेच्या संसर्गाचे, झटके कमी होणं. सर्जनना हे नक्की विचारा.