देवमाशाचा कान आणि बकऱ्याचा घोटा

प्रश्न : सर, आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी मेसेज टाकलाय की उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे, एका प्राण्यातून दुसरा होताना मधला कोणी आजवर सापडलेलाच नाही. मी बारावी सायन्सला आहे तरी उत्तर सुचलं नाही. काय सांगू? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी भांडू नकोस, सगळा घोळ त्या 'थिअरी' शब्दाचा आहे. आपल्याकडे थिअरी म्हणजे प्रॅक्टिकल नसलेला पेपर, नाहीतर सिरियलमधल्या इन्स्पेक्टरचा अंदाज. सायन्समध्ये तसं नसतं, तिथे थिअरी म्हणजे पुराव्यांवर तपासून टिकलेलं स्पष्टीकरण. जंतूंमुळे रोग होतात हीसुद्धा थिअरीच, म्हणून काका हात धुवायचे थांबलेत का?

आता मधला कोणी. तू रत्नागिरीची, तर देवमासाच घेऊ. २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू वाळूत अडकलं होतं, आठवत असेल. नाव मासा, पण फुप्फुसानं श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो आणि शेपटी माशासारखी डावी-उजवी नाही तर वर-खाली मारतो, म्हणजे पळणाऱ्या कुत्र्याची पाठ कशी वर-खाली होते तशी. आणि आत, मांसात, मागच्या पायांच्या कमरेची दोन छोटी हाडं अजून शिल्लक, ज्यांना पायच नाहीत!

मग पायवाले कुठे गेले? आपल्या शेजारीच आहेत की, दगडांत जीवाश्म होऊन. पाकिस्तानात पाकिसीटस, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा, चार पायांचा, चक्क जमिनीवर चालणारा. तिथलाच अँब्युलोसीटस, जरासा मगरीसारखा, पाण्यातही आणि काठावरही. आपल्या कच्छमधला कचिसीटस, आखूड पाय आणि लांबलचक शेपूट. इजिप्तच्या वाळवंटात बॅसिलोसॉरस, १५ मीटरच्या वर लांब आणि मागचे पाय एवढेसे, चालायला बिनकामाचे.

पण माझा आवडता इंडोह्युस. जम्मूमधल्या कालाकोटजवळचे जीवाश्म असलेले दगड ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी गोळा करून ठेवले होते, राव वारल्यावर त्यांच्या पत्नीनं ते दगड जुन्या देवमाशांचे अभ्यासक हान्स थेविसन यांना दिले. साफसफाई करताना टेक्निशियनच्या हातून एक कवटी चुकून फुटली आणि आत दिसलं कानाचं हाड, एका बाजूनं जाड झालेलं, जसं देवमाशांचं असतं तसं. प्राणी केवढा, तर मांजराएवढा, हरणासारख्या पायांचा. २००७ मध्ये हे छापून आलं. (हा देवमाशाचा थेट पणजोबा नव्हे हं, चुलत घराण्यातला, वयानं तर पाकिसीटसपेक्षा थोडा अलीकडचाच, काका हे नक्की पकडतील.)

डीएनए तपासला तर देवमाशाचा आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक निघतो पाणघोडा, आणि पाणघोडा, गाय, बकरी ही सगळी खुरवाली एकाच गोतातली. हे लॅबवाले आधी सांगत होते तेव्हा हाडंवाले, म्हणजे जीवाश्मांचे अभ्यासक, मानायला तयार नव्हते, त्यांचा संशय वेगळ्याच प्राण्यांवर होता. मग २००१ मध्ये पाकिस्तानातल्या जुन्या देवमाशांच्या घोट्याचं हाड हाती आलं, दोन्ही टोकांना विहिरीच्या कप्पीसारखी खोबण असलेलं, आणि ते गपगुमान डीएनएवाल्यांच्या बाजूला आले. असली दुहेरी कप्पी खुरवाल्या त्या गोतातच असते.

काका म्हणतील, मग पाकिसीटस आणि अँब्युलोसीटसच्या मधला दाखव. म्हणू देत. रविवारी मटण आणायला तेच जात असतील तर खाटकाकडून बकऱ्याच्या मागच्या पायाच्या घोट्याचं हाड तेवढं मागून आणायला सांग, उकडून साफ केलं की कप्पी बोटानं चाचपता येते.