"बघू की" म्हणणाऱ्या पोराचं करायचं काय?

प्रश्न : ताई, मुलगा यंदा दहावीत गेलाय. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, ह्यांचं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. पुढं काय करणार म्हणून विचारलं की पोरगं एकच म्हणतंय, "बघू की". ह्यांचं म्हणणं इंजिनिअर होऊन धंदा सांभाळावा, माझं म्हणणं काय ते एकदा ठरव तरी. डोक्यात चोवीस तास फुटबॉल. सकाळी साडेपाचला न उठवता उठून प्रॅक्टिसला जातो, शाहू स्टेडियमवरची मॅच चुकवत नाही, कुठल्या तालमीचा, म्हणजे फुटबॉल संघाचा, कोण खेळला, किती गोल झाले ते वहीत लिहून ठेवतो, पण अभ्यासाचं टाइमटेबल करून दिलं की दोन दिवसात गुंडाळलं. असल्या पोराला ध्येय कसं द्यायचं?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा त्या वहीपाशीच अडकले. न सांगता वर्षभर वही ठेवणारं, थंडीत साडेपाचला उठणारं पोरगं आळशी नसतंय हो. टाइमटेबल तुम्ही केलेलं, वही त्यानं केलेली, एवढाच फरक.

आणि "पुढं काय होणार" हा प्रश्न त्याला आल्यागेल्या पाव्हण्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळे विचारतात, मग "बघू की" म्हणजे तोंडावर ओढलेलं शटर समजा. माझ्या भाच्याचीही अशीच गत होती, म्हणून बहिणीनं चांगले पैसे मोजून करिअर टेस्ट करून घेतली, जाडजूड रिपोर्ट आला, त्यात लिहिलेलं की मुलात नेतृत्वगुण आहेत. त्याचं करायचं काय ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, रिपोर्ट अजून कपाटावर आहे.

पंधराव्या वर्षी आयुष्याचं ध्येय ठरलंच पाहिजे असं मला वाटत नाही, पण काही दारं वेळेवर बंद होतात ती मात्र त्याला आत्ताच दाखवा. अकरावी सायन्सला गणित सोडलं की इंजिनिअरिंग अवघड होऊन बसतं, बायोलॉजी सोडली की मेडिकल, फिजिओथेरपीही. एनडीएत, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीत, एअर फोर्स, नेव्हीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर पुढं थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे ह्यांचं स्वप्नही मोडत नाही आणि पोराला बारावीच्या चरकातूनही जावं लागत नाही. आयटीआय म्हटलं की घरात तोंडं वाकडी होतात, पण उद्यमनगरात चांगला फिटर, मशिनिस्ट मिळवायला मालकांची काय दमछाक होते ते ह्यांनाच विचारा. एका कागदावर हे सगळं त्याच्याच हातानं मांडू दे, कुठलं दार कधीपर्यंत उघडं आहे एवढंच.

आपल्या राधानगरीतल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे बघा. 2009 मध्ये खेळाडू घडवणाऱ्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि पॅरिसला रायफलमध्ये ब्राँझ मिळालं 2024 ला, पंधरा वर्षं गेली मधे, आणि त्यातली कितीतरी रेल्वेत टीसीची नोकरी सांभाळून. आपल्याला फोटोत मेडल दिसतंय, नोकरी दिसत नाही. म्हणून फुटबॉल की पोटापाणी असं भांडण घरात लावूच नका. उलट फुटबॉलच्या आजूबाजूला काय काय कामं असतात ते त्याला शोधायला लावा, रेफरी, कोच, गुडघा दुखावला की खेळाडू ज्यांच्याकडं जातात ते फिजिओ. ओळखीतून एखाद्या फिजिओच्या क्लिनिकमध्ये दिवसभर बसू दे.

दिवाळीच्या सुट्टीत चारपाच दिवस शॉपवर पण न्या, कामाला नाही, मशीनपासून लांब उभं राहून बघायला. मालकाच्या खुर्चीशेजारी बसवू नका, तिथं फोन आणि उधारीच दिसणार. ड्रॉइंग वाचून सेटिंग लावणाऱ्या ऑपरेटरजवळ उभा करा, जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, व्हर्नियरनं मोजताना, माप चुकून रिजेक्ट झाल्यावर त्याचं तोंड कसं होतं ते बघू दे. रात्री त्याच वहीत दोन ओळी, कशात वेळ कसा गेला कळलं नाही आणि कशाचा कंटाळा आला. कंटाळ्याची ओळ जास्त कामाची, ती खोडायला लावू नका.

अभ्यासाचं म्हणाल तर वर्षाचं टाइमटेबल राहू दे, पुढच्या चाचणीत कुठल्या विषयात किती मार्क वाढवायचे तो आकडा त्यानं स्वतः सांगायचा, गोलसारखा वहीत लिहायचा. कमी सांगितला तरी "एवढंच का?" म्हणायचं नाही. ह्यांना पण सांगा, शॉपवर असेपर्यंत इंजिनिअर हा शब्द काढायचा नाही, जीभ फारच वळवळली तर चहा मागवायचा.

आणि परीक्षा जवळ आली की ती वही लपवायचा मोह होईल, तेवढं करू नका. मी भाच्याचा कॅरम लपवला होता, तीन महिने माझ्याशी बोलला नाही.