उ: ऑर्थो केल्यावर मुंबई विमानतळाचं चित्र 20-25 मीटर सरकतंय, पॉइंट वाढवले तर 14/32 धावपट्टी वाकते

तुम्ही लिहिलंय की फ्लाइट सिम्युलेटरच्या सीनरीसाठी घेतलेलं सॅटेलाइट चित्र आरपीसी (चित्रातला पिक्सेल जमिनीवर कुठे पडतो ते सांगणारी, चित्रासोबतची सूत्रं) आणि एसआरटीएम (जमिनीच्या उंचीचा डेटा) वापरून ऑर्थो केलं, म्हणजे कलून घेतलेलं चित्र नकाशावर सरळ बसवलं, तर सगळं चित्र एकाच दिशेला 20-25 मीटर सरकलं. मग क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या जिओरेफरन्सरमध्ये जागा माहीत असलेले 16 पॉइंट देऊन थर्ड ऑर्डर पॉलिनॉमियल (चित्र वाकवून पॉइंटवर बसवणारं समीकरण) लावलं, रेसिड्युअल, म्हणजे पॉइंटवर उरलेली चूक, अर्ध्या पिक्सेलवर आले, पण 14/32 धनुष्यासारखी वाकली. हे दुखणं माझ्या चांगल्याच ओळखीचं आहे. आधी ते सगळे पॉइंट काढून टाका.

गडबड उंचीत आहे. एसआरटीएमची उंची समुद्रसपाटीपासूनची असते आणि आरपीसीला हवी असते डब्ल्यूजीएस84 एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे जीपीएस वापरतं त्या पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासूनची. मुंबईत जिऑइड, म्हणजे समुद्रसपाटीचा पृष्ठभाग, एलिप्सॉइडच्या 60 मीटरहून जास्त, साधारण 63 मीटर खाली आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून 11-12 मीटरवर, म्हणजे आरपीसीच्या हिशेबात साधारण उणे 50. आता सॅटेलाइट उभ्या रेषेपासून 20 अंश कलून बघत असेल तर 63 गुणिले 0.364, म्हणजे 23 मीटर. तुमचा आकडा हाच. खात्री करायची तर मेटाडेटात सॅटेलाइटचा एलिव्हेशन अँगल बघा, तो 90 मधून वजा करा आणि आलेल्या कोनाच्या टॅनने 63 ला गुणा. चित्र सॅटेलाइटच्या अझिमथच्या (तो ज्या दिशेला होता तिच्या) रेषेतच सरकलेलं असायला हवं. तसं नसेल तर माझं निदान चुकीचं धरा.

डीईएमच्या (एसआरटीएमसारख्या उंचीच्या) फाइलमध्ये व्हर्टिकल डेटमची, म्हणजे उंची कुठून मोजली त्याची, नोंद असेल तर जीडीएएल (क्यूजीआयएसच्या मागे चालणारं सॉफ्टवेअर) हा फरक स्वतः धरतं. उतरवलेल्या एसआरटीएम टिफमध्ये ती बहुधा नसते, आणि कुठलीही एरर न येता चुकीचं चित्र तयार होतं. उपाय: रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये डीईएममध्ये जिऑइडचा आकडा मिळवा. तो ऋण आहे, चिन्ह चुकलं तर 23 चे 46 होतील. फक्त विमानतळापुरती सीनरी असेल तर मी डीईएम वापरूच नका म्हणेन. आरपीसीला ठरावीक उंची द्या, उणे 50 च्या जवळची. एसआरटीएममध्ये इमारतींची उंचीही मिसळलेली असते, त्यामुळे कुर्ला, जरीमरीच्या बाजूला कुंपणालगत विनाकारण लाटा येतात. घाटकोपरची टेकडी किंवा ट्रॉम्बे घेणार असाल तर मात्र डीईएम हवंच.

रेसिड्युअलवर विश्वास ठेवू नका, हे कळकळीने सांगतोय. थर्ड ऑर्डरला किमान 10 पॉइंट लागतात. 16 दिले तर समीकरण तुमच्या चुकांनाही चिकटतं. थिन प्लेट स्प्लाइन हा दुसरा पर्याय तर प्रत्येक पॉइंटमधून जातोच, तिथे शून्य आलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही. त्यात तुमचे काही पॉइंट टर्मिनलच्या छपरावर आहेत. नवा एटीसी (विमान वाहतूक नियंत्रण) टॉवर जवळपास 84 मीटर उंच आहे, 20 अंशांत त्याचा माथा पायापासून 30 मीटर दूर दिसतो. पॉइंट फक्त जमिनीवरच्या रंगाच्या खुणांवर घ्या. मिठीचा काठ, माहीमची खाडी नको, भरती-ओहोटीला किनारा जागा बदलतो.

उंची दुरुस्त केल्यावरही दोन-चार मीटर उरतील, ती आरपीसीची स्वतःची चूक. तिला फक्त सरकवणं पुरे. एआयपीमध्ये (विमानतळांची अधिकृत माहितीपुस्तिका) एडी 2.12 या भागात थ्रेशोल्डचे, म्हणजे जिथून उतरायची धावपट्टी सुरू होते त्या रेषेचे, अक्षांश-रेखांश दिलेले आहेत. चारही थ्रेशोल्डवरचा फरक मोजा, सरासरी काढा आणि तेवढं चित्र सरकवा. थ्रेशोल्ड डिस्प्लेस्ड (डांबराच्या टोकापासून आत सरकवलेला) असेल तर डांबराचं टोक धरू नका. 19 अंश 5 मिनिटं 30 सेकंद म्हणजे 19.0917, 19.0530 नव्हे. इथे एका सेकंदात अक्षांशाला 31 आणि रेखांशाला 29 मीटर जातात.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो चित्र विकणाऱ्या एका कार्यालयापायी. आरपीसी मागितली की "चित्र करेक्टेडच आहे" एवढंच उत्तर. ते करेक्शन सरासरी उंचीवर केलेलं होतं, आणि मूळ फाइल नसताना ते उलगडता येत नाही. पैसे भरण्याआधी आरपीसी आणि पूर्ण मेटाडेटा मिळेल असं लेखी घ्या. सीनरी वाटणार असाल तर वाटपाची परवानगीही तेव्हाच विचारा.

शेवटचा वार्प (चित्र नव्या नकाशापद्धतीत बसवणं) एकदाच, थेट ईपीएसजी 4326 मध्ये, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशांत, क्यूबिक पद्धतीने. पी3डी (प्रीपार3डी) सिम्युलेटरच्या रिसँपल टूलला तेच लागतं, आणि दोनदा वार्प केलं की पट्ट्यांच्या कडा पुसट होतात. 09/27 धावपट्टी मोजून बघा: सुमारे 3450 ऐवजी 3650 मीटर भरली तर तुम्ही अजून वेब मर्केटरमध्येच (अंतरं ताणून दाखवणारी वेब नकाशांची पद्धत) मोजताय. इमारतींची छपरं यानंतरही कललेलीच दिसतील, तेव्हा थ्रीडी मॉडेल पायावर बसवा, छपरावर नाही.

एवढं करून चारही थ्रेशोल्डवर किती मीटर उरतात ते आणि सीनचा एलिव्हेशन अँगल कळवा, मग पुढचं बघू.