साफसफाई केल्यापासून डेस्कटॉप सुरू होतो आणि मिनिटभरात आपोआप बंद पडतो. काय बिघडलं असेल?

तुम्ही लिहिलंय की कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला, प्रोसेसरवरचा कूलर काढून त्यात अडकलेली धूळ ब्रशने साफ केली आणि सगळं होतं तसं परत लावलं. तेव्हापासून विंडोज कसंबसं येतं आणि मशीन खटकन बंद होतं. एरर नाही, निळी स्क्रीन नाही. कोणीतरी तुम्हाला विंडोज नव्याने टाकायला सांगितलंय, ते तूर्त राहू द्या. साफसफाईच्या आधी जे विंडोज व्यवस्थित चालत होतं ते ब्रश फिरवल्याने बिघडत नाही.

मदरबोर्ड गेला असेल ही भीतीही सध्या बाजूला ठेवा. विंडोजपर्यंत पोचणारा बोर्ड बहुतेक वेळा ठीक असतो. माझा संशय सरळ कूलरवर आहे, कारण एवढं सविस्तर लिहूनही तुम्ही थर्मल पेस्टबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

प्रोसेसरचा माथा आणि कूलरचा तळ हे दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण एकमेकांवर ठेवले की मध्ये बारीक फटी राहतात आणि त्यांत हवा असते. हवेतून उष्णता नीट जात नाही, म्हणून मध्ये पेस्ट लावतात. कूलर एकदा उचलला की जुनी, सुकलेली पेस्ट फाटते. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. तोच कूलर तसाच परत टेकवला की मध्ये हवा शिरते. पंखा जोरात फिरतोय, पण उष्णता पंख्यापर्यंत पोचतच नाही. प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करून बघतो, तरी तापमान उतरलं नाही तर जळण्याआधी स्वतःच वीज तोडायला लावतो. हे हार्डवेअरच्या पातळीवर होतं, विंडोजला विचारलंही जात नाही, त्यामुळे एरर दिसत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल पॉवर ४१' अशी नोंद सापडेल, पण मशीन नीट बंद न होता अचानक गेलं एवढंच ती सांगते. त्यावरून कारण कळत नाही.

खात्री करायला काही विकत आणायची गरज नाही. मशीन पूर्ण थंड होऊ द्या, मग सुरू करताना डिलीट किंवा एफ २ दाबत राहून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, जा आणि सीपीयूच्या तापमानाच्या आकड्याकडे बघत बसा. कूलर नीट टेकला असेल तर आकडा साधारण ३५ ते ५५ अंशांच्या आसपास स्थिरावतो. तो डोळ्यांदेखत ६०, ७५, ९० असा चढत गेला तर रोग सापडला. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते, तिथे पोचायची वाट न बघता बंद करा. त्याच पानावर पंख्याचा वेगही दिसतो. तिथे शून्य असेल तर पंख्याची वायर लावायची राहिली आहे किंवा 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागेऐवजी शेजारच्या कॅबिनेटच्या पंख्याच्या पिनांवर लागली आहे.

इंटेलचा बॉक्समधून येणारा गोल कूलर असेल तर त्याच्या चार प्लास्टिकच्या खिळ्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. वरून चारही बसल्यासारखे दिसतात आणि त्यातला एक हमखास अधांतरी असतो. खिळ्याच्या टोकाला दोन पाकळ्या असतात. त्या बोर्डच्या भोकातून पलीकडे निघायला हव्यात आणि मधली काळी काडी त्यांच्यात उतरून त्या पसरायला हव्यात. कॅबिनेटची बोर्डच्या पाठीकडची बाजू उघडून टॉर्च मारा, चारही टोकं सारखी बाहेर आलेली दिसली पाहिजेत. बसवताना आधी चारही डोकी बाणाच्या उलट दिशेने फिरवून मूळ जागी आणा, मग समोरासमोरच्या तिरक्या जोड्या दाबा. 'टक्' आवाज आला पाहिजे.

कूलर काढावा लागेलच. एएमडीचा प्रोसेसर असेल तर सरळ वर ओढू नका. मशीन थोडं कोमट असताना, पण बंद करून आणि वायर काढून, आधी हलकेच डावी-उजवीकडे पिळा. नाहीतर खालच्या पिना असलेला प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. दोन्ही बाजूंची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पूर्ण पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा आणि कूलर सरळ खाली दाबा. बोटाने पसरवायची गरज नाही.

आता समजा बायोसमध्ये तापमान थंडगार आहे आणि तरी बंद पडतोय. मग किती वेळाने पडतो ते घड्याळ लावून बघा. दर वेळी चार-पाच सेकंदांतच जात असेल तर समोरचं पॉवरचं बटण तपासा. कॅबिनेट पुसताना ते आत अडकतं, आणि चार सेकंद दाबून धरलेलं बटण म्हणजे जबरदस्तीने बंद करण्याचा आदेश. बोर्डवरून त्या बटणाची बारीक वायर काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून मशीन सुरू करा. आता टिकला तर दोष बटणाचाच. गेम लावल्यावरच पडत असेल तर ग्राफिक्स कार्डची पॉवरची वायर आणि प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वायर काढून खटका लागेपर्यंत परत बसवा. पंखा फिरायच्या आत जात असेल तर शॉर्ट शोधा: बोर्डखाली पडलेला स्क्रू, किंवा ओल्या कापडाचा राहिलेला ओलावा. ओल असेल तर दिवसभर उघडा ठेवून वाळू द्या.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, मात्र उघडू नका. त्यातले कपॅसिटर वायर काढल्यानंतरही चार्ज धरून ठेवतात आणि तो झटका जिवावर बेतू शकतो. वरचं सगळं करूनही मशीन टिकलं नाही तर कोणाचा तरी चालू असलेला, तेवढ्याच वॅटचा एसएमपीएस तात्पुरता लावून बघा. पण आधी बायोसमधला तो आकडा बघा आणि इथे कळवा, कूलर कोणता आहे तेही लिहा.